सहल तुमची, वेळ त्यांची

प्रति,
शहरांतल्या पवित्र वारसास्थळांच्या एकदिवसीय सहली आखणारे संयोजक आणि त्या सहलींत दिवसभर बोलणारे गाइड यांस,

स. न. वि. वि.

तुमची माहितीपत्रकं मी आवडीने वाचते. 'आठ तासांत नऊ स्थळं', 'रांग टाळून थेट प्रवेश', 'सकाळी घाट, दुपारी स्तूप, संध्याकाळी आरती'. अशा सहलींना मी पैसे भरून जात आले आहे आणि पुढेही जाईन, तेव्हा सहली बंद करा असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. पाठीला पिशवी लावून एकट्याने फिरला तोच खरा प्रवासी आणि बाकीची सगळी मेंढरं, असं मानणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. ज्याला तिथली भाषा येत नाही, ज्याचे गुडघे कुरकुरतात, ज्याच्या हाती एकच दिवस आहे, त्याला जाणता गाइड भेटला तर पुस्तकं चाळून जे हाती लागलं नसतं ते एका दारात उभं राहून कळतं. असे गाइड मला भेटले आहेत. पत्र लिहावंसं वाटलं ते त्यांच्यामुळेच. तीच माणसं घड्याळाकडे बघत चांगलं रंगलेलं वाक्य अर्ध्यावर सोडतात तेव्हा जास्त हळहळ वाटते.

माझी तक्रार वेळापत्रकाविषयी आहे. तुमचा दिवस कशावरून ठरतो ते बसमध्ये बसलं की लक्षात येतं. हॉटेलांवरून माणसं गोळा करायची वेळ, बस उभी करायची जागा, आधीच ठरवून ठेवलेलं जेवण आणि ड्रायव्हरची पाळी संपण्याची वेळ. या चार खुंट्या आधी ठोकल्या जातात आणि मधल्या जागेत स्थळं बसवली जातात. किल्ला किंवा राजवाडा असेल तर हे खपून जातं. दहाला उघडतो, पाचला बंद होतो, मधे केव्हाही जा, भिंती त्याच. पूजेतलं देऊळ, नमाज चालू असलेली मशीद, भिक्खू राहत असलेला विहार, रोज प्रार्थना होणारं चर्च यांचं तसं नसतं. तिथे दार उघडं असण्याची वेळ वेगळी आणि आत काही घडत असण्याची वेळ वेगळी.

श्रीलंकेत कॅंडीला बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर आहे. तिथे रोज तीनदा पूजा होते: पहाटे, सकाळी उशिरा आणि संध्याकाळी. ढोल आणि सनईसारखी वाद्यं वाजू लागतात, गाभाऱ्याचं दार उघडतं आणि रांगेतून सरकणाऱ्या माणसाला क्षणभर सोन्याची मंजूषा दिसते. दात दिसत नाहीच, तो एकात एक बसवलेल्या मंजूषांच्या आत असतो. दुपारी तीनला तिथे पोचलेल्या गटाला काय दिसणार? बंद दार. गाइड दाराकडे बोट दाखवून 'याच्या आत' म्हणतो, सगळे माना डोलावतात आणि बस पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानाकडे निघते. कार्यक्रमपत्रिकेत दंतमंदिरापुढे बरोबरची खूण झालेली असते. बाग आधी घेऊन मंदिर संध्याकाळी ठेवलं असतं तर इंधनही तेवढंच लागलं असतं. झाडांना तुम्ही कोणत्या वेळी आलात याने काही फरक पडत नाही.

वारांचंही तेच. दिल्लीत कमळ मंदिर आणि अक्षरधाम, दोन्ही सोमवारी बंद. अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष ज्या सारनाथच्या संग्रहालयात आहे ते शुक्रवारी बंद. जेरुसलेमच्या हरम अल-शरीफच्या, म्हणजे अल-अक्सा मशिदीच्या, आवारात मुसलमानेतर पर्यटकांना शुक्रवारी आणि शनिवारी सोडत नाहीत, आणि इतर दिवशीही ठरावीक तासांत एकाच दाराने सोडतात. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात, आणि छतावरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या सिस्टिन चॅपलची वाट त्यांच्यातूनच जाते. इस्तंबूलच्या सुलतान अहमद मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना थांबवतात, आणि शुक्रवारी ही थांबण्याची वेळ बरीच लांबते. यातली एकही गोष्ट गुपित नाही. तरी सहल 'सोमवार ते रविवार, रोज' म्हणून विकली जाते आणि बंद दाराशी पोचल्यावर गाइड हसतमुखाने सांगतो, 'आज आपण बाहेरून बघू.' तुमच्या धंद्यात याला 'आउटसाइड व्हिजिट' आणि 'फोटो स्टॉप' म्हणतात, हे मला माहितीपत्रकाच्या तळाशी असलेली बारीक अक्षरं चष्मा पुसून वाचल्यावर कळलं. ती अक्षरं मोठी करा. कुठे आत जाणार, कुठे फक्त काचेतून दिसणार, कुठल्या वारी काय बंद, हे पैसे घेण्याआधी सांगा. याला खर्च येत नाही.

आता स्थळांच्या संख्येविषयी. काशीची पंचक्रोशी यात्रा तुम्हाला ठाऊक असेलच. साधारण 80 किलोमीटरची प्रदक्षिणा, वाटेवर 108 स्थानं आणि पाच मुक्काम: कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा. चालणारा मणिकर्णिकेवर संकल्प करून निघतो आणि तिथेच परत येतो. ज्या शहराने आपल्याभोवती फिरायला माणसाला पाच मुक्काम नेमून दिले, त्या शहराचं 'संपूर्ण दर्शन' तुम्ही नाश्ता ते रात्रीचं जेवण यांच्यामध्ये उरकता, वर सारनाथही जोडता.

एक दिवस ही मर्यादा मला मुळात वाईट वाटत नाही. रोममध्ये 16व्या शतकात फिलिप नेरी या धर्मगुरूने सात चर्चच्या पायी यात्रेला पुन्हा जीव दिला. 20 किलोमीटरच्या वर चाल, सात मोठी चर्च, आणि वाटेत एका बागेत बसून सगळ्यांनी मिळून जेवण आणि गाणी. तेव्हा थोड्या वेळात बरीच पवित्र स्थळं गाठण्याची हौस तुमच्या कितीतरी आधीची आहे आणि सात हा आकडाही काही गुन्हा नाही. पण त्या चालीत दोन चर्चमधलं अंतर हाही यात्रेचा भाग होता. एका ठिकाणी पाहिलेलं पुढच्या ठिकाणापर्यंत मुरायला तेवढा वेळ मिळत होता. तुमच्या बसमध्ये तो वेळ पुढच्या थांब्यावर टॉयलेट आहे का, या चौकशीत जातो.

म्हणून माझी विनंती आहे, की शहरभर विखुरलेली प्रसिद्ध नावं गोळा करण्याऐवजी पायी जोडता येतील अशी स्थळं निवडा. दिल्लीचा चांदणी चौक घ्या. लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन लाल मंदिर, त्याच्या आवारात पक्ष्यांचं रुग्णालय. तिथे चामड्याचा पट्टा आणि पाकीटसुद्धा बाहेर ठेवावं लागतं, आणि का ठेवावं लागतं हे सांगायला गाइडला पक्ष्यांच्या त्या पिंजऱ्यांपेक्षा चांगलं साधन मिळणार नाही. लगतच गौरीशंकर मंदिर. थोडं पुढे बाप्टिस्ट चर्च. मग गुरुद्वारा सीसगंज, जिथे 1675 मध्ये गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. त्याच्या शेजारी लहानशी सुनहरी मशीद, जिथून 1739 मध्ये नादिरशहाने दिल्लीची कत्तल पाहिली असं सांगतात. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला शाहजहानच्या एका बेगमेने 1650 मध्ये बांधलेली फतेहपुरी मशीद. सगळं मिळून जेमतेम दीड किलोमीटर. बस एकदाच उभी करायची, एकदाच बोलवायची. सकाळी जैन मंदिरातून निघालं की दुपारपर्यंत माणसाच्या हाती एका रस्त्याची गोष्ट येते. मलेशियात पिनांगच्या जॉर्ज टाउनमध्येही एकाच रस्त्यावर चर्च, चिनी देऊळ, मरियम्मन देवीचं देऊळ आणि मशीद ओळीने आहेत, आणि तिथले गाइड ही वाट पायीच दाखवतात. असा एखादा रस्ता बहुतेक जुन्या शहरांत सापडतो. तो सापडवणं हे खरं तुमचं काम. प्रसिद्ध नावांची यादी तर आम्हाला फोनवरही मिळते.

आणि हो, अनवाणी चालायची स्थळं भर दुपारी ठेवू नका. दिल्लीच्या जामा मशिदीचं लाल दगडाचं अंगण उन्हाळ्यात बाराला कसं तापतं ते बूट घालून बाहेर थांबणाऱ्या ड्रायव्हरला कळायचं नाही, पण कार्यक्रम आखणाऱ्याला कळायला हवं. तिथे पळत अंतर कापणारी माणसं मी पाहिली आहेत. शाहजहानच्या कारागिरांनी काय केलं याकडे त्यांतल्या एकाचंही लक्ष नव्हतं. डोकं झाकायला काय लागेल, खांदे आणि गुडघे कुठे झाकावे लागतील, फोन कुठे बाहेर ठेवावा लागेल, हे आदल्या संध्याकाळी कळवा. दारात भाड्याचा झगा अंगावर चढवून उभ्या राहिलेल्या बाईला पुढचा अर्धा तास आपण वेंधळे दिसतो आहोत एवढंच जाणवत राहतं.

यापुढचं सगळं गाइड मंडळींसाठी, आणि हे लिहायला मी जरा जास्त जागा घेणार आहे.

जेरुसलेममध्ये येशूची कबर जिथे होती असं मानतात, त्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये दर्शनी भिंतीवर, खिडकीखालच्या कठड्यावर एक लाकडी शिडी आहे. किमान 18व्या शतकापासून ती तिथे आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियाक आणि इथिओपियन असे सहा पंथ ही वास्तू वाटून घेतात. कुठला कोपरा कुणाचा, कुठली पायरी कोण झाडणार, हे सगळं 'जैसे थे' या तत्त्वावर चालतं, आणि 1850च्या दशकातल्या उस्मानी फर्मानांनी त्यावर शिक्का मारला. कुणी काहीच हलवायचं नाही, म्हणून शिडीही हलत नाही. गोष्ट खरी आहे आणि मजेदार आहे. चर्चची किल्ली आणि दार उघडण्याचा मान मुसलमान घराण्यांकडे आहे, हीही तशीच गोष्ट. गाइडला या दोन गोष्टी हुकमी टाळ्या मिळवून देतात आणि म्हणून तो अंगणातच पंधरा मिनिटं रमतो. मग आत जायला वीस मिनिटं उरतात. परत बसमध्ये आल्यावर माणसं शिडीविषयी बोलतात, 'धर्माच्या नावाने किती भांडतात बघा' म्हणतात, आणि आपण तिथे वरचढ होऊन आलो अशा सुखात झोपी जातात.

त्याच चर्चमध्ये कबरीवरची छोटी वास्तू मोडकळीला आली होती. तिच्या दुरुस्तीसाठी यांतले तीन प्रमुख पंथ एकत्र आले, अथेन्सच्या तंत्रविद्यापीठातल्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये काम सुरू केलं आणि 2017च्या मार्चमध्ये पूर्ण केलं. छपरावर इथिओपियन साधू लहान लहान खोल्यांत राहतात आणि तिथे दिवसाही शांत असतं. शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन साधू क्रुसाच्या वाटेवरून, म्हणजे येशूला क्रूस घेऊन ज्या वाटेने नेलं असं मानतात तिच्यावरून, प्रार्थना म्हणत चालतात, 14 टप्प्यांची वाट, त्यातले शेवटचे पाच टप्पे या चर्चच्या आतच. भांडणाची गोष्ट सांगा, कोण नको म्हणतंय. पण तिच्या जोडीला यातली एक तरी सांगितली असती तर त्या बसमधलं बोलणं वेगळं झालं असतं.

थर सांगण्याचाही प्रश्न आहे. इस्तंबूलची आयासोफिया 537 मध्ये चर्च म्हणून उभी राहिली. घुमट 558 मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला. 1453 मध्ये मशीद झाली, 1934 मध्ये तिचं संग्रहालय करायचं ठरलं, 2020 मध्ये पुन्हा मशीद झाली, आणि 2024पासून परदेशी पर्यटकांची वाट वेगळी करून त्यांना वरच्या सज्जात नेतात. एकाच इमारतीतल्या एवढ्या वळणांपैकी आपल्याला आवडणारी दोन उचलून बाकीची गिळणारे गाइड असतात. स्पेनमधल्या कॉर्डोबाला 8व्या शतकात सुरू झालेली मशीद 1236 मध्ये कॅथेड्रल झाली, तिथेही हे होतं. आपल्याकडे तर विचारूच नका. काशी विश्वनाथाच्या परिसरात उभं राहून 1669 मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने देऊळ पाडलं गेलं हे सांगावंच लागतं, आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी 1780च्या सुमारास बांधलं हेही सांगावं लागतं, शिखरावरचं सोनं महाराजा रणजितसिंहांनी दिलं हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर हिंदुस्थानचा सगळा नकाशा येतो. एवढं इतिहासात आहे, ते नेमक्या सनावळीसह सांगा. पण त्यानंतर काही गाइडांचा आवाज बदलतो. 'आपण' आणि 'ते' सुरू होतं, बसमधल्या कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघून टोमणा येतो. मी अशा एका गटात होते. आमच्यातलं एक कुटुंब पुढच्या थांब्यापासून सगळ्यांच्या मागे चालू लागलं, आणि संध्याकाळी आरतीला ते नव्हतं. सहलीचे पैसे त्यांनीही आमच्याइतकेच भरले होते.

आख्यायिकांना माझा अजिबात विरोध नाही. त्या काढून टाकल्या तर पवित्र स्थळ म्हणजे मोजमापांची वही उरेल. फक्त सांगताना 'इथले लोक असं मानतात' हे चार शब्द जोडा आणि शिलालेखात किंवा दप्तरात नोंदलेली गोष्ट सांगताना तसं म्हणा. दोन्ही एकाच सुरात आल्या की ऐकणारा दोन्ही विसरतो, किंवा दोन्हीवर संशय घेतो. 'जगातलं एकमेव', 'सर्वांत प्राचीन', 'शास्त्रज्ञही चक्रावले' हे तीन तुकडे मात्र कायमचे सोडून द्या. एकाच दिवसात दोन 'जगातल्या सर्वांत प्राचीन' वास्तू पाहण्याचं भाग्य मला लाभलं आहे, दोन्ही एकाच गाइडकडून.

बोलण्याविषयी इतकं लिहिल्यावर न बोलण्याविषयी. जपानमध्ये क्योटोतल्या र्योआनजी मंदिराच्या बागेत पांढऱ्या खडीवर 15 दगड आहेत, आणि ओट्यावर कुठेही बसलं तरी सगळे एकदम दिसत नाहीत. गाइड हे आधीच सांगून टाकतो. मग गट दगड मोजतो, चौदा भरतात, कुणीतरी तेरा म्हणतं, हशा होतो, वेळ संपते. ती बाग मोजण्यासाठी केलेली नाही हे सांगायला गाइड लागत नाही, पण पाच मिनिटं गप्प बसून राहायची परवानगी द्यायला मात्र लागतो. त्याच शहरातल्या साइहोजीने, शेवाळाच्या बागेसाठी प्रसिद्ध असलेल्या मंदिराने, 1977 मध्ये गर्दीला कंटाळून दारच आवळलं. तेव्हापासून तिथे आधी अर्ज करून यावं लागतं, आणि बाग पाहण्यापूर्वी आत बसून सूत्राची अक्षरं गिरवावी लागतात. हे तुमच्या नऊ स्थळांच्या यादीत कधीच बसणार नाही, आणि तसं ते बसू नये याचीच सोय मंदिराने करून ठेवली आहे. यावरून एवढं तरी ओळखा, की पर्यटकांचा वेग पवित्र स्थळांना सोसत नाही. अशी दारं आणखी आवळली जाण्याआधी तुम्हीच वेग कमी केलेला बरा.

गप्प राहून काम कसं करायचं, याचा नमुना सिस्टिन चॅपलच्या गाइडांकडे आहे. आत बोलायला मनाई, फोटोला मनाई. म्हणून ते बाहेरच्या अंगणात छताच्या चित्रांचे फलक दाखवून सगळं आधी समजावतात आणि आत माणसांना सोडून देतात. आत माणसाला मान वर करायला मोकळीक असते. हे सगळीकडे करता येईल. गाभाऱ्यात, मिहराबापुढे, समाधीपाशी उभं राहून भाषण करू नका. व्हेनिसने 2024पासून गटात 25हून जास्त माणसं नको आणि ध्वनिवर्धक नको असा नियमच केला आहे. तुमच्या शहरात नियम नसला म्हणून 50 माणसांपुढे झेंडा नाचवत कर्णा लावलाच पाहिजे असं नाही.

तिथे प्रार्थना करणाऱ्या माणसांविषयीही बोललं पाहिजे. लाओसमधल्या लुआंग प्राबांगला पहाटे भिक्खू रांगेने अनवाणी भिक्षेला निघतात. घराबाहेर गुडघ्यांवर बसलेल्या बाया त्यांच्या पात्रात भात घालतात. या रांगेच्या तोंडावर फ्लॅश मारत पर्यटकांचे गट उभे राहू लागले, तेव्हा अंतर ठेवा, गप्प राहा अशा पाट्या लावाव्या लागल्या. मणिकर्णिकेवर आणि काठमांडूच्या पशुपतिनाथापलीकडच्या घाटावर लांब भिंगाचे कॅमेरे जळत्या चितेकडे रोखलेले असतात. कुणाचा तरी बाप तिथे जळत असतो आणि दुसऱ्या काठावर गाइड 'हा सर्वांत चांगला अँगल' म्हणून जागा दाखवत असतो. त्याच्यावर चिडले मी, पण नंतर वाटलं, त्याला कुणी शिकवलंच नसेल. जागतिक पर्यटन संघटनेने 1999 मध्ये पर्यटनाची आचारसंहिता केली, त्यात धार्मिक वास्तू लोकांना पाहायला खुल्या असाव्यात असं म्हणताना उपासनेच्या नेहमीच्या गरजांना धक्का न लावता, ही अट घातलेली आहे. तुमच्यातले बरेच जण ही संहिता पाळत असल्याचं आपल्या संकेतस्थळावर लिहितात. गाइडच्या प्रशिक्षणात ती एक अट तरी वाचून दाखवा.

ल्हासात जोखांग मंदिराभोवती बारखोरच्या वाटेवर भाविक उजवीकडून प्रदक्षिणा घालत असतात, दिवसभर. काठमांडूच्या बौद्धनाथ स्तूपाभोवतीही तसंच. त्या प्रवाहाला आडवा जाणारा गट पाहिला की कुणीतरी आपल्या घरात बूट घालून शिरल्यासारखं वाटतं. कुठल्या बाजूने चालायचं, हे बसमधून उतरण्यापूर्वी सांगायला अर्धं मिनिट पुरतं.

दुकानांविषयी मी थोडक्यात आटोपते, कारण या विषयावर आपण सगळेच खोटं बोलतो. जेवणानंतरची ती 'हस्तकला केंद्रा'ची पाऊण तासाची भेट कशासाठी असते हे तुम्हाला माहीत आहे, आम्हालाही माहीत आहे. सहलीची किंमत खाली पाडून तुम्ही एकमेकांशी चढाओढ करता, गाइडला तुटपुंजं मानधन देता आणि तूट कमिशनमधून भरून काढायला लावता. म्हणून नऊ स्थळांपैकी सर्वांत निवांत वेळ आम्ही गालिचे आणि संगमरवरी हत्ती यांच्या सहवासात घालवतो. किंमत वाढवा, गाइडला धड पैसे द्या आणि तो पाऊण तास आधीच्या देवळाला किंवा मशिदीला परत करा. तिथल्या दानपेटीत किंवा जतननिधीत आमच्या शुल्कातलं काय जातं, तेही पावतीवर छापा. आमच्यातले काही जण कुरकुरतील, काही जण स्वस्तातली सहल शोधतील. बाकीचे येतील.

शेवटची विनंती दिवसाच्या शेवटाविषयी. बऱ्याचशा सहली साडेपाचच्या सुमाराला माणसांना हॉटेलवर टाकतात, आणि नेमकी तेव्हाच बहुतेक स्थळं जागी व्हायला लागलेली असतात. दिल्लीत हजरत निजामुद्दीनांच्या दर्ग्यात गुरुवारी संध्याकाळी कव्वाली होते. 1325 मध्ये वारलेले निजामुद्दीन आणि त्याच साली वारलेले त्यांचे शिष्य अमीर खुसरो, दोघांच्या कबरी एकाच आवारात आहेत, आणि खुसरोंची पदं तिथे अजून गायली जातात. दर्गा दुपारी दाखवणारा गाइड हे सगळं सांगतो आणि म्हणतो, 'पण तेव्हा आपली सहल संपलेली असते.' तर गुरुवारच्या सहलीत दर्गा सर्वांत शेवटी घ्या, आणि बस तिथेच सोडून द्या. ज्यांना परत जायचं ते बसने जातील. ज्यांना थांबायचं त्यांना परतीची वाट, रिक्षाचा तळ आणि एक फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्या. अशी सोय असलेला कार्यक्रम तुमच्यापैकी कुणी छापला तर मला पाठवा, पुढच्या सहलीसाठी मी चार नावं नोंदवते.

कळावे,
आपली,
मागच्या सीटवरची एक प्रवासी